लटारूचं पाठीमागचं तोंड

मुखरूला रुसायला फार काही लागत नसे. मूल या तालुक्याच्या गावाहून जंगलाच्या अंगानं आत वळलं की पिपरबोडी लागते, तिथल्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, शेवटचं घर त्याचं. धंदा मासेमारीचा, पण खरं नाव कमावलं ते रुसण्यात. स्वतःच्या लग्नात तो रुसला, कारण बॅंडवाल्यांनी वाजवताना तोंड वधूपक्षाकडं केलं होतं. एसटीच्या कंडक्टरनं "सरका मागे" म्हटलं, तेव्हा हा मागे न सरकता थेट खालीच उतरला आणि मूलपर्यंत पायी गेला. घरचा कोंबडा शेजारच्या भिंतीवर चढून आरवला म्हणून त्या कोंबड्याशीही त्यानं बोलणं टाकलं होतं. कोंबड्यानं ते किती मनावर घेतलं ते ठाऊक नाही. आधार कार्डावरचा आपलाच फोटो पाहून तर तो पोस्टमनसमोर म्हणाला होता, "हा माणूस मले पाहून तोंड वाकडं करून राह्यला."

"अवो, तुमीच आहा ते," कुंता म्हणाली. कुंता त्याची बायको.

"म्हून तं जास्त लागलं."

अशा माणसाला दोस्त असणं कठीण. पण एक होता. लटारू. ओढायचं मोठं जाळं एकट्याचं काम नसतं. एक टोक एकाच्या हातात, दुसरं टोक दुसऱ्याच्या, आणि दोघांनी एका दमात काठाकडं यायचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून एका टोकाला मुखरू आणि दुसऱ्याला लटारू. दोघांचा दम इतका जुळलेला की एक खोकला तर दुसऱ्याकडचं जाळं हलायचं. सगळ्या गावावर रुसून झालं, की मुखरू लटारूच्या ओसरीवर येऊन बसायचा आणि कोणाकोणावर रुसलो ते सांगायचा. लटारू ऐकत ऐकत डुलकी काढायचा. डुलकी हा अपमान धरला जात नसे. इतकी ती दोस्ती पक्की.

मुखरूचं एक दुखणं मात्र लटारूलाही ठाऊक नव्हतं. दिवाळीपासून त्याच्या डोळ्यांपुढं धुकं बसलं होतं. आधी त्यानं ते बल्बवर ढकललं. मग हवेवर. मग कुंताच्या चुलीच्या धुरावर, आणि त्यावरून कुंताशी भांडण. एका सकाळी त्यानं वासराला "हाड" केलं आणि विजेच्या खांबाला रामराम घातला. खांब बोलला नाही म्हणून घरी येऊन रुसला, आणि दुपारी पुन्हा त्याच वाटेनं जाताना त्याला कळलं की हा रुसवा आता कोणाला सांगताही येणार नाही.

जाळ्याच्या वरच्या दोरीला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात. त्या कुठं वाकल्या, कुठं बुडाल्या, ते पाहून जाळं ओढायचं. मुखरूला बाटल्या दिसेनाशा झाल्या. तो अंदाजानं ओढायचा आणि वर लटारूवरच ओरडायचा, "पाह्यून ओढ ना बे!" ओरडणारा माणूस आंधळा असेल अशी शंका कोणाला येत नाही.

भीती एकच होती. नजर गेली हे कळलं की माणूस पाण्यातून काठावर येतो. काठावर म्हाताऱ्यांसोबत मासे निवडत बसायचं, आणि आपलं टोक दुसऱ्या कोणाच्या हातात. पुढं लटारू त्या दुसऱ्याबरोबर दम जुळवणार. म्हणून होळी झाल्यावर त्यानं ठरवलं, सांगायचं. फक्त लटारूला सांगायचं. ऑपरेशन करतात म्हणे डोळ्यांचं, तिथवर सोबत चल म्हणायचं. ज्या माणसानं जन्मात कोणाला "जरा पाणी दे" असं सरळ म्हटलं नव्हतं, त्याला हे बोलायची तयारी करायला बरेच दिवस लागले. बैलांसमोर त्यानं म्हणून पाहिलं. बैलांनी चांगलं ऐकलं.

मोहफुलांचा हंगाम तोंडावर होता. पहाटे पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जातं, वाकून फुलं वेचतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. वाघ येतो तोही मागून. समोरून कोणी टक लावून पाहत असेल तर तो जरा विचार करतो, असं म्हणतात. म्हणून फॉरेस्टच्या लोकांनी गावात मुखवटे वाटले. डोक्याच्या मागच्या बाजूला रबरानं बांधायचे. म्हणजे पुढंही तोंड आणि मागंही तोंड, वाघानं यावं कुठून?

मुखवटे सगळे एकाच साच्यातले. गुलाबी गाल, काळीभोर मिशी, मोठाले डोळे, आणि बत्तिशी दाखवणारं हसू. बायकांनाही तेच. लटारूची बायको सोमारी मिशीसकट घरी आली तेव्हा तिच्या सुनेनं आधी पदर घेतला आणि मग विचारलं, "मामंजी, जेवाले वाढू का?" त्यात लटारूची खरी मिशी बरोबर त्याच वळणाची. त्याला मुखवटा इतका आवडला की काढेना. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडं, घरात जेवतानासुद्धा.

"अवो, घरात कोणता वाघ येते?" सोमारीनं विचारलं.

"वाघ का तुले इचारून येते?" लटारू म्हणाला. आणि तिच्याकडं पाठ केली, तरी पाहतच राहिला.

हे सगळं गावानं पाहिलं. पाहिलं नाही ते एकट्या मुखरूनं. मुखवटे वाटायच्या दिवशी दवंडी त्याच्या घराच्या अलीकडूनच परत फिरली होती, आणि हा तीन दिवस रुसून आत पडला होता.

चौथ्या दिवशी सूर्य नुकता वर आला असताना मुखरू निघाला. लटारू सकाळी मोहफुलं आणून तलावाच्या पाळीवर बसतो हे त्याला ठाऊक होतं. तसा तो बसलाही होता. अंगाभोवती चादर, उकिडवा, तोंड पाण्याकडं. आणि मागचं तोंड वाटेकडं. कानांत मोबाइलच्या वायरी, त्यांतून दंडारीची गाणी फुल आवाजात. पोरानं ती वायर आणून दिल्यापासून लटारूच्या कानापाशी फटाका फोडला तरी त्याला कळत नसे.

मुखरूनं काय पाहिलं? लटारू पाळीवर बसला आहे, आपल्याकडं तोंड करून बसला आहे, आणि आपल्याला पाहून हसला आहे. धुक्यातून का होईना, मिशी ओळखीची, डोकं ओळखीचं, चादर तर मुखरूच्याच घरून उसनी नेलेली.

"राम राम," मुखरू म्हणाला. मान डोलली.

एवढं बोलणं जवळून करायचं म्हणजे लाज. मुखरू बाभळीपाशीच थांबला. खाली मान घातली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि बैलांसमोर पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. "लटारू, मले दिसत नाई रे नीट. दिवाळीपासून. बाटल्या दिसत नाईत. कोणाले सांगू नको. कुंतालेबी नाई सांगितलं."

वर पाहिलं. लटारू हसत होता. नुसता हसत नव्हता, डोकं हलवून हलवून हसत होता. कानातलं गाणं ढोलकीवर आलं होतं, पण ते लटारूच्या कानातलं.

मुखरूला वाटलं, ऐकू नसेल गेलं. तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "डोळे दाखवाले जावं लागते. येशील का माह्यासंग?"

गाणं बदललं. संथ चालीचं लागलं. लटारू डुलू लागला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मुखरूला दिसलं ते सरळ होतं. दोस्तानं तोंडभर हसत, सावकाश, नाही म्हणून मान हलवली.

आणि मुखरू रुसला नाही. ही गोष्ट ध्यानात घ्यायची. रुसला असता तर गावभर सांगितलं असतं, जेवण टाकलं असतं, ओसरीवर येऊन बसला असता. पण ज्या ओसरीवर बसायचं तीच ओसरी गेली होती. तो गुपचूप घरी आला, जेवला, भाजीत मीठ जास्त होतं तरी काही बोलला नाही. कुंता घाबरली. तिनं मुद्दाम दुसऱ्या दिवशीही मीठ जास्त टाकलं. तरी नाही.

दोन दिवसांनी लटारू जाळं खांद्यावर टाकून दारात उभा. आठवड्यात तलावाची मोठी मासेमारी होती, जाळं सांधायचं होतं.

"चाल बे, धर तुहं टोक."

मुखरूनं टोक हातात घेतलं नाही. "ज्याले दिसते त्याले दे," म्हणाला.

"काय झालं?"

"आपल्या तोंडाले विचार."

"तोंडाले?"

"तेच ते. हासरं."

लटारूला काही उमगेना. तो घरी जाऊन सोमारीवर चिडला, सोमारी कुंतावर, कुंता मुखरूवर, आणि मासेमारीच्या तोंडावर अख्खा मोहल्ला जाळं सोडून भांडण सांधत बसला. शेवटी बापूजींनी बैठक बोलावली. बापूजी म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावात तंटे कमी, म्हणून आलेला तंटा ते चवीनं खातात.

"मुखरू, सांग, काय झालं?"

डोळ्यांचं सांगायचं नव्हतं. मुखरूनं उरलेलं सांगितलं. "मी एक गोष्ट विचारली. यानं मले पाह्यलं, हासला, अन् नाई म्हून मान हलवली."

"कवा?" लटारू उठून उभा राहिला.

"चार दिवसांमांग सकाळी. पाळीवर."

"मी पाळीवर पाण्याकडं तोंड करून होतो! माही पाठ होती तुह्याकडं! मी तुले पाह्यलंच नाई!"

मग सोमारीच्या डोक्यात उजेड पडला. तिनं नवऱ्याचं डोकं धरलं आणि बैठकीकडं पाठमोरं फिरवलं. गुलाबी गाल, काळी मिशी, बत्तिशी. सगळी बैठक लोळून लोळून हसली. एकजण हसता हसता बाजेवरून पडला. बापूजी धोतरानं डोळे पुसत म्हणाले, "चाला, मिटलं. मुखवटा होता बावा तो."

पण मुखरू जागचा हलला नाही. "मुखवटा होता, समजलं," तो म्हणाला. "पण हासला तं हासला ना."

"कोण हासला?"

"तेच तं विचारून राह्यलो."

आता हसू थांबलं. कारण प्रश्न खोटा नव्हता. हसणारा कोणी नाही, तरी हसणं झालं. नाही म्हणणारा कोणी नाही, तरी नाही म्हटलं गेलं. आणि ज्याला लागलं तो तर समोर बसलाच आहे. बापूजींनी पानाला चुना लावता लावता हात थांबवला. असला तंटा समितीच्या नियमात कुठं बसत नव्हता.

"संघप्रियाला बोलवा," ते म्हणाले.

संघप्रिया म्हणजे विहाराजवळच्या राजदीपभाऊंची पोरगी, मूलच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. सुट्टीत घरी आली होती. गावाला तिचा विषय पहिल्यांदाच उपयोगी पडत होता, त्यामुळं तीही जरा नटून आली.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुखरूभाऊ, तुम्हाला नेमकं काय दिसलं? झालं काय ते नको. दिसलं ते सांगा."

"लटारू दिसला."

"मुखवटा नाही दिसला?"

"नाई. लटारू. माह्याकडं पाहून राह्यला होता. डोळेबी मिचकावले."

"डोळे मिचकावले?" बापूजी ओरडले. "अरे, पलास्टिकचे डोळे!"

"मिचकावले म्हंजे मिचकावले."

संघप्रिया खूश झाली. "बरोबर आहे! हेच. पाहणं कधी रिकामं नसतं, ते कशाचं तरी पाहणंच असतं. भाऊंच्या पाहण्यात हसणारा लटारू होता. तो बाहेर पाळीवर होता की नाही, हा प्रश्न वेगळा. पाहण्यात जे असतं ते समोर असतंच असं नाही."

बैठकीनं एकमेकांकडं पाहिलं.

"सोपं सांगते. शेतात कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं असतं ना? बांधावरून त्याची एकच बाजू दिसते. पण तुम्ही काय म्हणता? पुंजणं पाह्यलं म्हणता, अर्धं पुंजणं पाह्यलं म्हणत नाही. मागची बाजू दिसत नाही, ती आपणच त्या पाहण्यात भरून घेतो. भाऊंना मिशी दिसली, चादर दिसली. बाकीचा लटारू त्यांनी भरून घेतला, डोळ्यांच्या मिचकावण्यासकट."

"अन् मांगची बाजू रानडुकरानं खाल्ली असन तं?" कोणीतरी विचारलं.

"तर मागं गेल्यावर कळेल, आणि मग ते पाहणं बदलेल."

"मले कळलं," मुखरू म्हणाला. "पण नाई बदललं."

बापूजींना ही लबाडी वाटली. त्यांनी प्रयोग मांडला. लटारूला पाळीवर त्याच जागी पाठमोरं बसवलं, चादर पांघरवली, आणि सगळ्या गावाला बाभळीपाशी उभं केलं. सगळ्यांना माहीत होतं की तो मुखवटा आहे. सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला होता. आणि तरी लटारूनं बसल्या बसल्या मान जराशी तिरकी केली, तेव्हा सुनेनं पदर सारखा केला. बापूजींनी टोपी नीट बसवली. एका म्हाताऱ्यानं विडी पाठीमागं लपवली. खुद्द सोमारी पुटपुटली, "असा काय पाहून राह्यला मेला," आणि लाजली.

"दिसते का?" मुखरूनं विचारलं.

दिसत होतं. आत मुखवटा माहीत होता आणि बाहेर लटारू पाहत होता, दोन्ही एकदमच. संघप्रिया तर वहीशिवाय आल्याबद्दल हळहळली.

बापूजींनी निकाल दिला. अपमान झाला, हे समितीला मान्य. लटारूनं केला नाही, हेही मान्य. मग गुन्हेगार उरला एकच. "मुखवटा मुखरूच्या ताब्यात द्यावा. त्याले काय करायचं ते करू दे."

टाळ्या पडल्या. लटारूनं जड मनानं मुखवटा काढून दिला. मागं उघडं पडलेलं डोकं त्याला फार थंड वाटायला लागलं, असं सोमारी नंतर सांगत होती. पण मुखरूनं जाळ्याचं टोक काही हातात घेतलं नाही. त्याला आता कळत होतं की लटारू हसला नाही. पण लटारूनं ऐकलंही नव्हतं. पुन्हा सगळं सांगावं लागणार होतं, आणि पहिल्या वेळचं "नाही" अजून डोळ्यांपुढून हलत नव्हतं. हो म्हणणारा लटारू त्याला एकदाही दिसला नव्हता.

कुंतानं मुखवटा खुंटीला टांगला. मुखरू बाजेवर पडला की तो पाहायचा. मुखरूनं तो उलटा करून टांगला, तोंड भिंतीकडं, पोकळ बाजू बाहेर. आता बरं वाटेल म्हणून वर पाहतो तर काय, पोकळीतूनही तोंड बाहेर आलेलं! मुखरू उजवीकडं सरकला तर तेही उजवीकडं वळलं. डावीकडं सरकला तर डावीकडं. सरळ टांगलेला निदान एका जागी पाहत होता, उलटा तर मागंच लागला.

"कुंते! हा जिवंत आहे!"

"मंग त्याले जेवाले वाढू काय?" कुंता चुलीपाशी म्हणाली. तिचा धीर आता संपला होता.

मासेमारीच्या आदल्या दिवशी मुखरूला वाट सापडली. सोपी होती. जे आपल्याला दिसलं ते लटारूला दाखवायचं. मुखवटा बांधायचा, लटारूसमोरून पाठमोरं चालत जायचं, आणि तो काहीही बोलला तरी नुसतं हसत राहायचं. कळू दे त्याला कसं लागते ते. मुखरूनं रबर कानांवरून ओढलं, चादर घेतली आणि पाळीवर गेला. लटारू तिथं एकटाच जाळं पसरून बसला होता आणि दोन्ही टोकं स्वतःच धरून पाहत होता. ते जमत नव्हतं.

मुखरू त्याच्यासमोरून गेला आणि पाठ फिरवून पुढं चालू लागला. ताठ. ऐटीत. पाळीच्या त्या टोकाला पाणी सोडायची मोरी आहे. तिच्या खाली बारा महिने चिखल असतो आणि त्यात म्हशी बसतात. वाट तिथं अचानक वळते. नजर असलेल्याला.

"मुखरू!" लटारूनं हाक मारली. "वाट वळली बे!"

मुखवटा हसला.

"समोर मोरी आहे! थांब!"

मुखवटा हसतच पुढं गेला, म्हणजे लटारूपासून दूर. मुखरूला हाक ऐकू येत होती, पण आज ऐकायचं नाही हेच ठरलं होतं. लटारू हातातली दोरी फेकून उठला. त्याला पुरतं ठाऊक होतं की तो मुखवटा आहे, स्वतःच इतके दिवस डोक्याला बांधून फिरला होता. आणि तरी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी वरडून राह्यलो अन् हा दात काढून राह्यला! माह्यावर हासते, माजला काय बे..."

तेवढ्यात हसरं तोंड एकदम खाली गेलं. मोठ्ठा आवाज झाला. दोन म्हशी उठून निघून गेल्या.

लटारू धावत पोचला. मुखरू चिखलात पालथा, आणि डोक्यामागचं तोंड आभाळाकडं बत्तिशी दाखवत होतं. लटारूनं त्याला काखेत हात घालून ओढलं, जाळं ओढतात तसं, दमादमानं. काठावर बसवलं. मुखरूच्या खऱ्या तोंडावर नाक कुठं आणि कान कुठं तेही कळत नव्हतं.

"येवढी मोठी मोरी, दिसली नाई तुले?"

मुखरूनं तोंडातला चिखल थुंकला. आता बैलांसमोर पाठ केलेलं काही आठवलं नाही. "नाई दिसत," तो म्हणाला. "दिवाळीपासून नाई दिसत. तेच सांगाले आलो होतो. तू हासला."

लटारूनं तोंड उघडलं. त्याला काहीतरी मोठं, दोस्तासारखं बोलायचं होतं. पण समोर चिखलाचा गोळा, गोळ्याच्या मधोमध दोन डोळे मिचमिच करताहेत, आणि गोळ्याच्या मागून गुलाबी गालांचं तोंड डोकावतंय. त्याला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं. दोन्ही हातांनी तोंड धरलं तरी खांदे हलायचे थांबेनात. या वेळेला लटारू खरोखर हसत होता, मुखरूच्या तोंडावर, हातभर अंतरावरून.

आणि मुखरूला, धुक्यातून आणि चिखलातून, काय दिसलं? दोस्ताचे खांदे गदगदताहेत. त्यानं तोंड हातांत झाकलंय. नाकातून आवाज येतोय.

मुखरूनं चिखलाचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "रडू नको बे," तो म्हणाला. "मी काई मरून नाई राह्यलो. मोतीबिंदूच आहे."

लटारूनं मान हलवली. "नाई रडत," कसंबसं म्हणाला, आणि पुन्हा फुटला.

"येशील ना संग?"

बोलता येत नव्हतं, म्हणून लटारूनं मुखरूचा हात घट्ट धरला आणि मान जोरजोरात खालीवर केली. हे मात्र मुखरूला बरोबर दिसलं.

सोमारी पाळीवरून सगळं पाहत होती. नवरा हसतो आहे हे तिला स्वच्छ दिसलं. पण तिनं आजवर ते मुखरूला सांगितलेलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशीची मासेमारी झाली. मुखरूनं आपलं टोक धरलं, लटारू पलीकडून बाटल्या सांगत गेला, "वाकली बे, तुह्या अंगाची, ढिली कर," आणि मुखरू "माहीत आहे मले" म्हणत ढिली करत गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात बाकड्यावर बसले. आधी एसटीत, मग दवाखान्याच्या दारात, मग रांगेत, मुखरूनं भेटेल त्याला सांगितलं, "हा माहा दोस्त. माह्यासाठी चिखलात बसून रडला. येवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखा." लटारूला दर वेळी तोंड लांब करून बसावं लागलं. हसला असता तर सगळंच गेलं असतं.

शेवटी नर्सबाईसुद्धा त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. "काका, घाबरू नका. साधं ऑपरेशन आहे. तुमचे दोस्त एकदम ठीक होतील."

ग्लास हातात घेता घेता लटारूनं मुखरूकडं पाहिलं. हिरवी टोपी घातलेली, डोळ्यांत थेंब टाकलेले, हातात चपला घेऊन चुकीच्या दाराकडं तोंड करून ऐटीत बसलेला मुखरू. इतका वेळ लांब करून ठेवलेलं तोंड लटारूच्या हातातून सुटलं. खांदे हलायला लागले. ग्लास खाली ठेवून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तरी नाकातून आवाज आलाच, आणि या खेपेला बोटांमधून पाणीही आलं.

मुखरूनं मान वळवून त्या हलणाऱ्या खांद्यांकडं पाहिलं आणि कान दिला. आवाज मोरीपाशी ऐकलेला, तोच होता.

"हासून काऊन राह्यला बे?" तो म्हणाला, आणि त्याच्या मांडीवर थाप मारून स्वतःही हसायला लागला.